चपलेचे बाण

बाण लागलेला माणूस आमच्या आरोग्य केंद्रात आला की पट्टीभाऊ आधी त्याच्यासोबत आलेल्याच्या कानाखाली आवाज काढत आणि मग जखमेकडे वळत. मी तिथे होतो त्या सहा वर्षांत हा क्रम मी दोनदाच चुकलेला पाहिला.

मी वरोऱ्याचा. औषधनिर्माता म्हणून माझी पहिलीच नेमणूक भामरागडच्या रस्त्यावरच्या या केंद्रात झाली. रक्त पाहिलं की मला घेरी येते, ही गोष्ट मी नोकरीच्या अर्जात लिहिली नव्हती. रुजू होऊन चार दिवस झाले असतील. सकाळी दारात ट्रॅक्टर थांबला आणि त्यातून एक माणूस आपल्या पायांनी उतरला. त्याच्या खांद्यात बाण होता. बाणाची काडी मुठीत घट्ट धरून त्याच्या मागोमाग त्याचा साळा उतरला. दोघं तसेच एकामागे एक चालत आत आले.

केंद्राचे ड्रेसर पट्टीभाऊ ड्रेसिंगच्या खोलीतून बाहेर आले. बुटका, काळाभोर माणूस, पन्नाशी उलटलेला, आणि तळहात मात्र उंचीला न शोभणारे. त्यांनी काही विचारलं नाही. हात फिरला आणि तो साळा मागच्या वजनकाट्यावर जाऊन बसला.

"हात काढ," भाऊ म्हणाले. हात केव्हाच निघाला होता.

मग मला त्यामागचं कारण कळलं. इकडच्या बाणाच्या लोखंडी पात्याला मागे वळलेले दोन कान असतात. आत जाताना ते निमूट जातात. बाहेर ओढला की मात्र वाटेत येईल ते फाडत येतात, शीर असो की आतडं. आणि सोबत आलेल्या माणसाला तो बाण ओढून काढायची भयंकर घाई असते. आपल्या माणसाच्या अंगात रुतलेलं लोखंड त्याला बघवत नाही.

"मायेनं वढते न, म्हणून मारतो त्याले," भाऊंनी मला समजावलं. "दुश्मन वढत नाई सायेब. दुश्मन मारते अन् पळून जाते."

त्या दिवशी त्यांनी काडी दोन बोटांत अशी धरली की ती तसूभर हलली नाही. कुठे चीर द्यायची हे आमच्या नव्या डॉक्टरांना ते डोळ्यांनी दाखवत होते. पात्याचा एक कान मोकळा झाला, मग दुसरा. मांसातून लोखंड सुटतं तेव्हा बारीकसा आवाज होतो. मी तो ऐकला आणि हातातल्या ट्रेसकट खाली गेलो. डोळे उघडले तर मी शेजारच्या खाटेवर होतो आणि भाऊ नर्सबाईंना सांगत होते, "रजिस्टरात दोन पेशंट लिवा."

त्यांचं खरं नाव हजेरीपटावर होतं. महिन्यातून एकदा सही करताना त्यांना स्वतःलाच ते आठवावं लागे. बाकी सगळ्या परिसराला ते पट्टीभाऊ. पट्टी मात्र अशी बांधत की सोडवताना वाईट वाटावं. आणि थापडांचं म्हणाल, तर आसपासच्या दहा-बारा गावांत ती न खाल्लेला पुरुष शोधावा लागला असता. सरपंचाच्या भावाने खाल्ली होती, शाळेच्या गुरुजींनी खाल्ली होती. पुढे पुढे लोकांना ती उपचाराचाच भाग वाटू लागली. एक म्हातारी नवऱ्याला घेऊन आली. तिने बाणाला हातच लावला नव्हता, म्हणून भाऊंनी तिला काही केलं नाही. जाताना ती माझ्या खिडकीशी येऊन विचारत होती, "मले काऊन नाई मारलं? मानूस वाचन ना माहा?"

हसण्यावारी नेण्याइतका तो राग साधा नव्हता, हेही सांगितलं पाहिजे. एकदा एक माणूस बायकोला घेऊन आला. तिचं डोकं फुटलं होतं. पडली म्हणाला. भाऊंनी तिची जखम धुतली, डॉक्टरांना टाके घालू दिले, पट्टी बांधली. मग त्या माणसाच्या खांद्यावर हात टाकून त्याला मागच्या बाजूला नेलं. आम्ही सगळ्यांनी तो आवाज ऐकला आणि कोणीही उठलो नाही. दहा मिनिटांनी दोघं परत आले. त्याचं मनगट वाकडं झालं होतं आणि भाऊ त्याला धरून खाटेवर बसवत होते. मग स्वतःच फळी लावून पट्टी बांधली, तीही सुरेख.

"रजिस्टरात काय लिहू?" मी विचारलं.

"पडला म्हणून लिवा. ते बी पडलीच होती न."

मी लिहिलं. तसं करायला नको होतं, हे मला आजही वाटतं. आणि लिहिताना बरं वाटलं होतं, हेही तितकंच खरं.

तर अशा या माणसावर मी चोरीचा संशय घेतला. केंद्राच्या दारातून चपला नाहीशा होऊ लागल्या होत्या. चांगल्या नाहीत, पट्टा तुटलेल्या, टाच झिजलेल्या, लोक रागाने तिथेच टाकून जात त्या. शिवाय इंजेक्शनच्या रिकाम्या बाटल्यांची रबरी बुचं गायब होत होती, आणि चिकटपट्टीचा हिशेब मला काही केल्या लागत नव्हता. एका दुपारी ओपीडी संपल्यावर मी मागे गेलो. मोहाच्या सावलीत भाऊ मांडी घालून बसले होते. समोर निळ्या-पांढऱ्या चपलांच्या गोल चकत्यांचा ढीग आणि बाजूला बाणांची जुडी. बाणांना पाती नव्हती. पात्याच्या जागी लिंबाएवढं मऊ डोकं होतं.

मी पकडायला गेलो होतो आणि शिकत बसलो. करंगळीएवढी बारीक वेळूची काडी चुलीच्या आचेवर शेकून सरळ करायची. मागे कोंबडीची पिसं बांधायची. पुढचं टोक चिकटपट्टीने गुंडाळून रबरी बुचात घट्ट बसवायचं, आणि त्यावर चपलेच्या फोमच्या तीन चकत्या एकावर एक. वरून पट्टीचं कापड ओढून खाली मानेशी दोऱ्याने आवळायचं. बुचं आणि कापड ते आधी आमच्या भांड्यात उकळून घेत. निर्जंतुक केलेले बाण दुनियेत दुसरीकडे कुठे झाले असतील असं मला वाटत नाही.

पहिले बाण, त्यांनीच सांगितलं, बुचाशिवाय केले होते, नुसत्या फोमचे. मोहाच्या फांदीला त्यांनी भोपळा टांगला आणि दहा पावलांवरून पुरं धनुष्य ताणून बाण मारले. दोन बाण आपटून पडले. तिसऱ्याला काडी फोम फाडून आरपार आली आणि भोपळ्यात वीतभर घुसली. भाऊंनी तो बाण गुडघ्यावर मोडला, धनुष्य फेकलं, भोपळ्याला लाथ घातली आणि पाय धरून खाली बसले. मग आठ दिवस त्यांनी त्या मोडक्या बाणाचं नाव काढलं नाही. नवव्या दिवशी माझ्या कचऱ्याच्या डब्यातून बूच उचललं आणि काडीच्या टोकावर बसवून बघितलं. काडीला पुढे जायला वाटच उरली नाही.

भोपळा शाबूत राहिला, पण भाऊंचं समाधान होईना. "भोपळा बोलत नाई," ते म्हणाले. "सायेब, पाठ करा."

"तुम्ही स्वतःवर मारून बघा की."

"माह्या पाठीत मी कसा मारू?"

मी औषधाच्या कपाटाला धरून उभा राहिलो. धप्प झालं आणि माझ्या तोंडून श्वास निघून गेला.

"लागलं?"

"लागलं."

"रडू येते?"

"नाही."

"मंग बराबर हाय."

वळ आठवडाभर राहिला, आधी जांभळा आणि मग हिरवा. त्या आठवड्यात तुम्ही माझ्या जागी असता तर तुम्हीही विचारलं असतं तेच मी विचारलं. हे सगळं कशासाठी?

भाऊ चपलेच्या चकत्या कापत होते. त्यांनी वर बघितलं नाही, सुरीही थांबली नाही.

त्यांच्या गावात पेरणीआधी पंडुम असतो, म्हणजे सण. त्या दिवशी गावातले सगळे पुरुष शिकारीला जातात. शिकार आणली तर बाया गाणी म्हणत सामोऱ्या येतात. रिकाम्या हाताने आले तर वेशीवर शेणपाण्याची घमेली घेऊन उभ्या राहतात आणि एकेकाच्या डोक्यावर ओततात, वर तोंडाला येईल ते बोलतात. त्यामुळे रिकामं कोणाला परतायचं नसतं. झुडूप हललं की बाण सुटतो. जनावरं तर आता फारशी उरलीच नाहीत.

"तीस वर्सं झाली," भाऊ म्हणाले. "झुडूप हाललं. म्या मारला. माहा भाऊ होता, मोठा. बरगडीखाली लागला, डाव्या बाजूनं. उभा होता. बोलत होता माह्यासंगं. म्हने, लेका, दिसत नाई का तुले. हासत होता. अन् मी घाबरलो. म्या दोन हातांनी धरला अन् वढला."

सुरी चपलेतून आरपार गेली. त्यांनी चकती बाजूला ठेवली.

"बानानं नाई मेला तो. म्या वढला म्हणून मेला."

पंचांनी सोडून दिलं होतं. शिकारीतला बाण कोणाचाच नसतो, असं म्हणाले. गावाने माफ केलं. भावाची बायको तेव्हा लग्न होऊन आलेली नवी नवरी होती. ती काही बोलली नाही. तेव्हाही नाही आणि नंतरच्या तीस वर्षांत एकाच गल्लीत राहूनही नाही. दरवर्षी पंडुमला वेशीवर बायांच्या रांगेत ती सगळ्यात पुढे असते. रिकाम्या आलेल्या प्रत्येकाच्या डोक्यावर घमेलं रितं करते, सासऱ्याला सोडत नाही, बाकीच्या दिरांना सोडत नाही. भाऊ समोर आले की हात खाली घेते आणि त्यांना कोरडं जाऊ देते.

"सारे वले असते सायेब, नखशिखांत. अन् मी एकटा कोरडा घरी जातो."

या माणसाला काय हवं होतं हे मला त्या दुपारी कळलं. एक घमेलंभर शेणपाणी हवं होतं, त्या एका बाईच्या हातून. आणि त्याआधी, कोणाच्या भावाला पुन्हा लोखंड लागू नये, हे हवं होतं. मी उगाच बुचं मोजत बसलो.

त्याच वर्षीच्या पंडुमला त्या गावातून आमच्याकडे तिघं जखमी निघाले आणि दोघं जिवंत पोचले. तिसऱ्याच्या पोटातला बाण त्याच्या मित्राने वाटेतच ओढला होता. तो मित्र दारात उभा होता, दोन्ही हात कोपरापर्यंत लाल. पट्टीभाऊ त्याच्यासमोर गेले आणि त्याला थापड मारली नाही. त्याला घेऊन पायरीवर बसले आणि आपल्या हातांनी त्याचे हात धुतले. पाणी बराच वेळ लाल येत होतं.

पुढच्या पंडुमआधी गावाची बैठक बसली. भाऊ मलाही घेऊन गेले, कशाला ते सांगितलं नाही. सलाईनचं एक खोकं त्यांनी मध्यभागी उपडं केलं. त्यातून लोखंडी पात्यांचे बाण पडले, तीस-चाळीस तरी असतील. नोकरीत जितके काढले तितके सगळे त्यांनी ठेवले होते. प्रत्येक घराची बाणाला दोरा गुंडाळायची रीत वेगळी असते. माणसं वाकून बघू लागली आणि एकेकाला आपला बाण सापडू लागला.

"हा तुहा," भाऊ एकाला म्हणाले. "याच्या मांडीतून काढला. हा तुह्या बाचा. हा वाटेतच गेला त्याच्या पोटातला, मागच्या सालचा." सगळ्यात जुना, काडी काळी पडलेला एक बाण त्यांनी वेगळा ठेवला. "अन् हा माहा." तो कुठून निघाला हे त्यांनी सांगितलं नाही. तिथे ते सगळ्यांना माहीत होतं.

मग चपलेच्या बाणांची जुडी सोडली. दीडशे बाण होते. गायता, म्हणजे गावचा पुजारी, त्यातला एक हातात घेऊन दाबून बघत राहिला. पुजाऱ्याचं म्हणणं साधं होतं. कोंबडा देता येईल, पण शिकार झालीच पाहिजे. या बाणांनी कशाची शिकार करणार?

"डुकराची," भाऊ म्हणाले.

"डुक्कर कुठी हाय?"

"मी हावो न."

मग समोरचे चेहरे हळूहळू उजळत गेले. प्रत्येकाच्या कानाखाली कधी ना कधी त्या तळहाताचा आवाज निघालेला होता. इतकं झटपट एकमत त्या गावात आधी कधी झालं नव्हतं, असं गायता मला नंतर म्हणाला.

पुढे माझी बदली गडचांदूरला झाली. भाऊ निवृत्त झाले आणि दोन पावसाळ्यांपूर्वी गेले. मला निरोप मिळाला तेव्हा पुलावरून पाणी होतं आणि रस्ता बंद. मला जाता आलं नाही, ते अजून लागून आहे. म्हणून त्यांचं आठवायला बसलो की मी त्या पंडुमच्या दिवसावर येऊन थांबतो.

सकाळीच सगळे लोखंडी बाण देवाच्या झाडाखाली जमा झाले. प्रत्येकाने चपलेचे चार-चार बाण घेतले आणि त्यांची डोकी ओल्या गेरूत बुडवली. भाऊंनी काळं घोंगडं पांघरलं, डोक्यावर माझं मोटारसायकलचं हेल्मेट चढवलं आणि चार पायांवर रानात शिरले. मी पट्ट्यांची पिशवी घेऊन वेशीवर बसलो.

मला दिसलं काही नाही, ऐकू मात्र सगळं आलं. आरोळ्या, पळापळ, फांद्या मोडल्याचे आवाज, आणि त्यातून एकामागे एक धप्प धप्प. मधूनच एखादा ओरडे, "हा तुह्या थापडीचा," की पुन्हा धप्प. डुकराने दोघांना धडक देऊन पाडलं, एकाच्या पायाला चावा घेतला आणि एकाच्या कानाखालीही दिली, हे नंतर कळलं. तासाभराने रानातून वरात निघाली. पुढे ढोल आणि मागे दोन गड्यांच्या खांद्यावर बांबू. बांबूला हातपाय बांधून उलटे टांगलेले पट्टीभाऊ. घोंगडं फाटलं होतं, सदऱ्याला जागा उरली नव्हती इतके लाल ठिपके होते आणि ओठ फुटून खरं रक्त हनुवटीवर आलं होतं. मी उठलो, तर त्यांनी टांगलेल्या अवस्थेतच मान हलवून मला बसवलं.

वेशीवर बाया उभ्या होत्या. आता प्रश्न असा की ही शिकार आली की रिकामे हात? पुरुष म्हणत शिकार. एक म्हातारी म्हणाली, "डुक्कर खाता तरी येते. याले कोन खाईल?" सगळ्या हसल्या. मग हसणं थांबलं आणि सगळ्यांच्या माना रांगेतल्या पहिल्या बाईकडे वळल्या.

तिने घमेलं खाली ठेवलं. बांबूपाशी आली आणि दोन्ही हातांनी हेल्मेट उपसून बाजूला टाकलं. आत उलटा चेहरा होता, घामाने आणि रक्ताने भरलेला. ती ठिपके बघत गेली, अगदी सावकाश. डाव्या बरगडीखाली एक ठिपका होता. त्यावर तिने बोट ठेवलं आणि दाबलं. भाऊ कळवळले.

ती त्यांच्या माडिया बोलीत बोलली. तेवढं मला तोवर समजू लागलं होतं.

"दुखलं?"

"हो," भाऊ म्हणाले.

"त्याले बी दुखलं असन."

"हो."

ढोलवाल्याचा हात थांबला होता. ती मागे वळून रांगेपर्यंत गेली, घमेलं उचललं, परत आली आणि भाऊंच्या तोंडावर सगळं ओतलं. वर तीस वर्षांचं साठलेलं असं काही बोलली की बाया तोंडाला पदर लावून खाली बसल्या. ते मी इथे लिहू शकत नाही. मग सगळीच रांग तुटून पडली. पुरुष पळू लागले, शेणपाणी उडत होतं, मीही भिजलो. या सगळ्यात भाऊ टांगलेलेच होते. शेणपाणी त्यांच्या कपाळावरून केसांत आणि केसांतून मातीत गळत होतं. ते रडत होते. मोठ्याने, तोंड उघडं टाकून रडत होते.

बांबू धरलेल्या दोघांनी घाबरून तो खाली ठेवला आणि एकजण गाठी सोडू लागला.

"राहू दे," भाऊ त्याला म्हणाले. "तिच्याजवळ अजून एक घमेलं दिसते."

होतं. ती पदर खोचून ते उचलायला वाकली होती.